अठरा इंची घेर

रिक्षावाल्याने आधी माझ्याकडे पाहिले, मग फाटकाला टेकवून ठेवलेल्या काळ्या गोल पेटीकडे, मग पुन्हा माझ्याकडे, आणि मीटरवरचा हात काढून घेतला. “ताई, हे बसणार नाही,” एवढेच तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता, पण आशाही नव्हती. डोंबिवलीतला पावसाळ्यातला रविवार होता, मुलुंडच्या एका वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावरील लहानशा सभागृहात अकरा वाजता आमच्या चौघांचा कार्यक्रम होता, आणि ज्याच्या गाडीतून माझे ड्रम एरवी जात असत त्या आमच्या गिटारवादकाची गाडी आदल्या रात्रीच बंद पडली होती. पेटीसह किक, म्हणजे पायाने वाजवायचा सर्वांत मोठा ड्रम, आडवी घालून पाहिली, उभी घालून पाहिली, मागच्या सीटवर ती ठेवून मी पुढे चालकाशेजारी बसावे असाही एक बेकायदा विचार येऊन गेला; परंतु रिक्षेच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांनी तिला आत येऊ दिले नाही. शेवटी शेजारच्या मुलाच्या मदतीने मी ती पुन्हा तीन जिने चढवून घरात आणून ठेवली, आणि स्नेअर (मांडीसमोरचा लहान ड्रम), हाय-हॅट (झांजांची जोडी) आणि तारांच्या ब्रशची जोडी एवढेच घेऊन त्याच रिक्षेने स्टेशन गाठले.

कार्यक्रम झाला. किकशिवाय वाजवताना उजवा पाय सवयीने जमिनीवर आपटत राहिला आणि त्याखालून काहीच उमटत नव्हते, जिना संपल्यावरही आणखी एक पायरी आहे असे समजून पाय टाकावा तसे ते दोन तास गेले. संपल्यावर नेहमी पहिल्या रांगेत बसणारे एक वृद्ध गृहस्थ मुद्दाम जवळ आले आणि आज गाण्याचे शब्द नीट ऐकू आले, असे अगदी मनापासून म्हणाले. त्यांना मला दुखवायचे नव्हते. तरीही ते वाक्य लोकलमध्ये माझ्या शेजारी बसून डोंबिवलीपर्यंत आले.

घरी पोहोचले तेव्हा किक बोळात उभी होती, आणि तिच्यामुळे न्हाणीघराचे दार अर्धेच उघडत होते. आई खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसली होती आणि तिच्या हातात टेप होता. आईने चाळीस वर्षे लोकांचे ब्लाउज आणि परकर शिवले; आता डोळ्यांमुळे ती शिवत नाही, पण पिवळा कापडी टेप अजून तिच्या गळ्यात असतो. मी ड्रमचे माप व्यासाने सांगते, कारण ड्रमवाल्यांची तीच रीत आहे. आईने आयुष्यभर माणसांची मापे घेतली, तिला माप म्हणजे घेर. तिने टेपाचे एक टोक हूपवर, म्हणजे ड्रमच्या काठावरच्या कड्यावर, धरून तो कवटाळल्यासारखा ड्रमभोवती फिरवला आणि दोन्ही टोके एकमेकांना भेटेनात. शिंप्याचा टेप साठ इंचांचा. बावीस इंची किकचा घेर एकोणसत्तर. नऊ इंच उघडेच राहिले. “अगं, हा माझ्या टेपात बसतच नाही,” आई म्हणाली, “एवढ्या घेराचे गिऱ्हाईक मला जन्मात आले नाही.” ती हसली, मीही हसले. रात्री मात्र ते नऊ इंच डोळ्यांसमोरून हलेनात.

तो संच मी २००९ साली घेतला. २२ ची किक, किकवर बसवलेले १२ आणि १३ चे दोन टॉम, १६ चा जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम आणि १४ चा स्नेअर. रॉक वाजवणाऱ्या कोणालाही हे आकडे घरच्या पत्त्यासारखे पाठ असतात. तेव्हा मी पंचविशीत होते आणि मला मोठे काहीतरी हवे होते, एवढेच त्या निवडीमागचे शास्त्र होते. लेड झेपलिन या रॉक बँडच्या जॉन बोनमची किक २६ इंची होती हे मला ठाऊक होते, त्यामुळे २२ घेताना आपण संयम दाखवतो आहोत असेही वाटले होते. खोटे कशाला बोलू, त्या किकने मला सुखही पुष्कळ दिले. मोठ्या किकचा आवाज कानाने ऐकण्याआधी पोटाला कळतो. पाय दाबला की समोरच्या हेडच्या, म्हणजे ताणलेल्या पडद्याच्या, भोकातून हवेचा एक लोट बाहेर येतो. एकदा तिथे वाळत घातलेला पंचा ठोक्यागणिक हलत होता, आणि तो पाहत मी अर्धा तास एकच ठेका वाजवत बसले होते. पण हा आनंद मी कुठे घेत होते, तर भिवंडी रस्त्यावरच्या एका गाळ्यात, जिथे चहूकडे यंत्रमाग खडखडत असत आणि माझे कोणाला काही ऐकू जात नसे. गेली सहा-सात वर्षे मी जिथे वाजवते ती ठिकाणे म्हणजे वाचनालये, सोसायट्यांची सभागृहे, एखाद्या कॅफेचा कोपरा. तिथे समोर साठ माणसे असतात, छत खाली असते, आणि गायिकेचा माइक माझ्यापासून चार फुटांवर असतो.

सोमवारी कचेरीत एका जुन्या व्हाउचरच्या पाठीवर मी हिशेब मांडला. आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि जीव घाबरला की मी आकड्यांकडे जाते. २२ इंची तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस इंच, २० चे ३१४, १८ चे २५४, १६ चे २०१. म्हणजे व्यास चारच इंचांनी कमी केला तरी वाजणारी चामडी एक तृतीयांशाने घटते, आणि १६ वर आले तर जवळजवळ निम्मी उरते. (आता ते चामडे नसते, प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, पण ‘हेड’ या शब्दाने माझे समाधान होत नाही.) कापडाच्या हिशेबात हे आईने मला केव्हाच सांगितले असते, घेर थोडा वाढवला की कापड भरमसाट लागते. मला वाटत होते की १८ ही २२ ची धाकटी बहीण असेल. व्हाउचरवरचे आकडे सांगत होते की ती वेगळ्याच घरची मुलगी आहे, आणि तिच्याकडून थोरलीची कामे करून घ्यायला गेले तर दोघींचाही विरस होईल.

आमच्या चौघांत तबला वाजवणारे एक काका आहेत, मी ज्यांना काका म्हणते पण जे माझ्यापेक्षा जेमतेम दहा वर्षांनी मोठे असतील. त्यांना या सगळ्याचे नवल वाटेना. त्यांच्या घरी कपाटावर पाच तबले चुंबळींवर ओळीने मांडलेले असतात. उंच सुरासाठी पाच-सव्वापाच इंची तोंडाचा, खालच्या सुरासाठी सहा इंची, आणि मध्ये अर्ध्या-पाव इंचाच्या फरकाने बाकीचे. गाणाऱ्याची पट्टी कळली की ते त्यातला एक उचलतात. लहान तोंडाचा तबला म्हणजे कमी प्रतीचा तबला, असे त्यांच्या स्वप्नातही येत नाही. “आधी कोणाबरोबर वाजवायचे ते ठरव, तोंड आपोआप ठरेल,” असे ते म्हणाले, आणि वादीखालच्या लाकडी गट्ट्याला हातोडीने खालून एक हलका ठोका देऊन पुडीचा चढलेला सूर उतरवला. मी म्हटले, तुमचे बरे आहे, तुमच्याकडे शाई आहे, पुडीवरचा तो काळा गोल. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते की तबल्या-मृदंगावरच्या शाईमुळे त्यांचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे स्वर, एकमेकांशी जुळतात आणि म्हणून ते सुरात बोलतात. साध्या गोल पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट असे शिस्तीत येत नाहीत. पहिलाच येतो तो साधारण १.५९ पट. त्यामुळे ड्रमला सूर असतो, पण तो धुक्यातून दिसणाऱ्या माणसासारखा, कोणीतरी आहे एवढे कळते, चेहरा दिसत नाही. काकांचे म्हणणे असे की म्हणूनच ड्रमवाले आकारावर एवढा जीव टाकतात. यावर मला आजतागायत उत्तर सुचलेले नाही.

वाद्य लहान करणे ही काही माझ्या तीन जिन्यांची अडचण नव्हे, ड्रमसंच जन्मालाच त्या कारणाने आला. मिरवणुकीत मोठा ढोल एकाकडे, लहान दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असत. नाट्यगृहात वादकांसाठी असलेल्या अरुंद खड्ड्यात तिघांना जागा नव्हती आणि तिघांचे पगारही परवडत नव्हते. विल्यम लुडविग यांचे पायाने चालवायचे पेडल १९०९ मध्ये आले आणि एकच माणूस बसून सगळे वाजवू लागला. तेव्हाची किक मिरवणुकीतूनच आलेली, २८ इंचांची वगैरे. पुढे जॅझचे मोठमोठे वाद्यवृंद मोडले, चार-पाच जणांच्या मंडळ्या तळघरांतल्या क्लबांमध्ये वाजवू लागल्या, आणि किक २२ वरून २० वर, २० वरून १८ वर आली. १९६३ मध्ये सतरा वर्षांचा ड्रमवादक टोनी विल्यम्स ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या मंडळीत आला तो अशाच १८ इंची किकमागे बसून. ती मोकळी, ताणून लावलेली किक गाण्याला धक्का देत नाही, मधूनच त्याच्याशी बोलते. त्याच साली बीटल्सच्या रिंगो स्टारने लंडनमध्ये जो लुडविग कंपनीचा संच घेतला त्याची किकही २० इंचीच होती, आणि त्या संचामागून त्याने जगाला किती वेडे केले ते सांगायला नको. त्या गर्दीत कोणी टेप घेऊन मोजायला गेले नसावे.

हे सगळे वाचून झाल्यावर माणसाने शहाणे व्हायला हवे. मी झाले नाही, मी धोबी तलावाला गेले.

तिथल्या एका जुन्या वाद्यांच्या दुकानात माळ्यावर तीन लहान संच ठेवले होते, आणि शनिवारी दुपारी गिऱ्हाईक नसल्यामुळे मालकांनी तिन्ही वाजवून पाहायची मुभा दिली. पहिल्यात १६ ची किक होती. ती बगलेत मारून एका हाताने जिना चढता येईल हे पाहूनच मी जवळजवळ पैसे काढले होते. परंतु पेडल लावले आणि पहिलाच घोटाळा दिसला. १६ इंची किक जमिनीवर ठेवली तर तिचा मध्य आठ इंचांवर येतो, आणि पेडलच्या बीटरची, म्हणजे किकवर आपटणाऱ्या गोळ्याची, दांडी बनवलेली असते मोठ्या किकसाठी. त्यामुळे बीटर मध्यावर न पडता वरच्या काठाकडे पडत होता आणि आवाज पत्र्याच्या डब्यासारखा येत होता. मालकांनी किकखाली लोखंडी उचलणी बसवली, ड्रम दोन-अडीच इंच अधांतरी झाला, बीटर मध्यावर आला, आणि आवाज एकदम माणसात आला. तरीही तो ठोका होता, घुमारा नव्हता. माइक लावून ध्वनिक्षेपकातून त्याला खालचे अंग देता येईल, असे मालक म्हणाले, आणि ते खरेच आहे. अमेरिकी ड्रमवादक क्वेस्टलव्हने लुडविगकडून १६ च्या किकचा जो संच बनवून घेतला तो पुष्कळ लोक असाच वापरतात. पण आमच्या वाचनालयात दोन माइक असतात, एक गायिकेला आणि एक सूत्रसंचालकाला. माझ्या किकला स्वतःच्या पायांवर उभे राहायला हवे होते.

मग १८ ची. ती आधी जॅझसाठी ताणून लावलेली होती आणि पाय मारला की मोठ्या टॉमसारखी लांबवर ‘बूंऽऽ’ करत राहत होती. सुंदर आवाज, पण मन्ना डे यांच्या गाण्यामागे असा घुमला तर काकांनी मला रिक्षेतून उतरवले असते. मी ड्रमचे स्क्रू फिरवायची चावी मागून घेतली. ड्रम लावताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे फिरवायचे असतात, चाकाचे नट आवळतात तसे; मी मागचे हेड सैल करत करत पार सुरकुत्या पडेपर्यंत आणले आणि तिथून प्रत्येक स्क्रूला अर्धा-अर्धा वेढा परत दिला. पिशवीतला घाम पुसायचा नॅपकीन घडी करून आत तळाशी टाकला, जेमतेम हेडला टेकेल असा. पाय दाबला. आवाज लहान होता, पण बुटका नव्हता. तो पोटापर्यंत गेला नाही. छातीच्या खाली कुठेतरी येऊन थांबला आणि लगेच बसला, पुढच्याला जागा देऊन. मी माझ्या नेहमीच्या गाण्याचा ठेका धरला आणि पहिल्यांदाच मला माझ्या किकच्या ठोक्यांमधली शांतता ऐकू आली. तिसरा संच २० चा होता. तो अर्थातच सगळ्यांत भारदस्त वाजला, आणि मी त्याला दहा मिनिटांच्या वर बसले नाही, कारण बसले असते तर तोच घेऊन आले असते आणि पुढच्या रविवारी पुन्हा फाटकाशी उभी राहिले असते.

किकची खोली हाही एक वादाचा विषय आहे, त्यावर लोक रात्री जागवतात. माझे मत थोडक्यात असे की १८ च्या किकला १४ इंच खोली पुरते. त्याहून खोल शेल, म्हणजे ड्रमचे लाकडी अंग, उचलायला जड होते, आणि लहान सभागृहात त्याचा उपयोग ऐकणाऱ्यापेक्षा वाजवणाऱ्याच्या समजुतीला अधिक.

टॉमचा प्रश्न मला सोपा वाटला होता, आणि तिथेच मी सर्वांत जास्त घोळ घातला. लहान संचात बहुधा १० चा एक टॉम आणि १३ किंवा १४ चा फ्लोअर टॉम देतात, कारण १० चा टॉम दिसायला गोंडस असतो आणि किकच्या डोक्यावर सहज बसतो. पण पडद्याचा ताण सारखा ठेवला तर सूर व्यासाच्या उलट प्रमाणात चढतो. म्हणजे १४ आणि १० मधले अंतर १.४ पट, सा आणि तीव्र मध्यम यांच्यासारखे, आणि माझ्या कानाला ते दोन ड्रम एकाच घरात राहून अबोला धरल्यासारखे वाटत होते. १२ घेतला तर १८ च्या किकशी त्याचे नाते दीडपट होते, सा-पंचमाचे, आणि १४ चा टॉम त्या दोघांच्या मध्ये येतो. खऱ्या ड्रमला दोन हेडे असतात, आत हवा असते, त्यामुळे कागदावरची गणिते तंतोतंत उतरत नाहीत. चावी हातात असताना माणूस हवे ते अंतर लावूनही घेतो. तरी मुळात ड्रमला जिथे बोलायला आवडते तिथे त्याला बोलू द्यावे, असे मला दुकानात बसल्या बसल्या पटले. मी १२ आणि १४ घेतले. यातला एक जास्तीचा फायदा घरी आल्यावर लक्षात आला: एका बाजूची हेडे काढली की १२ चा टॉम १४ च्या पोटात जातो आणि १४ चा किकच्या पोटात, स्वयंपाकघरात डबे एकात एक ठेवतात तसे. रोज कोणी एवढी उठाठेव करणार नाही, पण लांबच्या गावी जायचे असेल तर करता येते.

स्नेअर मात्र मी बदलला नाही. १२ इंची स्नेअर सुचवणाऱ्यांशी माझे अजिबात पटत नाही. आमची अर्धी गाणी मी ब्रशवर वाजवते, आणि ब्रश वाजवणे म्हणजे मारणे नव्हे, फिरवणे. डाव्या हाताने गोल फिरत राहायचे आणि उजव्याने त्यावर टिपायचे. १२ च्या तोंडावर ते करणे म्हणजे छोट्या पोळपाटावर घडीची पोळी लाटणे, हात सारखा काठाला लागतो. संचातले सगळे आक्रसले तरी जिथे हात दिवसभर राहतात ती जागा आक्रसू नये. माझा १४ चा, साडेपाच इंच खोलीचा जुना स्नेअर नव्या लहान ड्रमांच्या मधोमध आता घरातल्या मोठ्या सुनेसारखा बसतो.

२२ ची किक विकायला वेळ लागला. जाहिरात टाकली, दोनदा किंमत ठरली, दोन्ही वेळा मीच काहीतरी सबब सांगितली. शेवटी कल्याणचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी वडिलांसह टेम्पो घेऊन आला. किकचे वजन पाहून तो मुलगा खूश झाला. मलाही त्या वयात वजनानेच आनंद झाला होता. जाण्यापूर्वी त्याने बोळातच एकदा वाजवून पाहू का, असे विचारले. पेडल लावून त्याने एकच ठोका दिला, आणि स्वयंपाकघरातली ताटे मांडणीत किणकिणली. पुढच्या हेडच्या आत अजून माझीच जुनी उशी होती, फुलाफुलांच्या अभ्र्याची. ती काढून घेऊ का, असे मी विचारणार होते, पण तोवर त्याच्या वडिलांनी पेटीचे पट्टे आवळले होते. टेम्पो वळेपर्यंत मी गॅलरीत उभी होते. वाईट वाटत होते, आणि न्हाणीघराचे दार पूर्ण उघडते आहे हेही दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि एकमेकींना काही सांगत नव्हत्या.

नवी किक पुढच्या शनिवारी आली. रिक्षेतून आली, माझ्या शेजारी, एका बाजूला किंचित कलून, प्रवाशासारखी. स्टेशनपासून घरापर्यंत खड्ड्यांत ती माझ्या खांद्यावर डोके टेकवत होती. तीन जिने मी एकटीने चढवले, मधे एकदाच थांबून. बोळात ठेवून पेटी उघडली तेव्हा आई आपणहून उठून आली. तिने हूपवरून हात फिरवला, लाकडाला नाक लावून वास घेतला, आणि गळ्यातला टेप काढला. एक टोक मला धरायला सांगून ती वाकून ड्रमभोवती फिरली आणि दुसरे टोक माझ्या बोटांशी आणले. टेप पुरला होता. पुरून थोडा वर आला होता. आईने चष्मा कपाळावर सारला, आकडा डोळ्यांजवळ नेऊन वाचला, साडेछप्पन्न, आणि उरलेली पट्टी अंगठ्याने दाबून धरत म्हणाली, “साडेतीन इंच माया राहिली. ठीक आहे.”